महाराष्ट्राचें राज्यगीत : निवड आणि पाठ

(१)

ता. ३१ जानेवारी २०२३ रोजीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हें गीत राज्यगीत म्हणून स्वीकारलें, व त्याच वर्षीं १९ फेब्रुवारीस, शिवजयंतीच्या दिवशीं, तो निर्णय अंमलांत आला. गीताचे कवि कै. राजा बढे (१९१२–१९७७); चाल कै. श्रीनिवास खळे (१९२६–२०११) यांची. आणि तें लोकांच्या कंठांत बसविणारे कै. शाहीर साबळे (१९२३–२०१५). मूळ गीत तीन कडव्यांचें आहे. राज्यगीत म्हणून त्यांतील दोन कडवीं मान्य झालीं, आणि गायनाचा काळ पावणेदोन मिनिटांच्या आंत बसविला गेला.

या निर्णयाच्या मागेंपुढें जी चर्चा चालली, तींत ‘कोणतें गीत?’ हा प्रश्न सर्वांच्या तोंडीं होता. ‘त्या गीताचा कोणता पाठ?’ हा प्रश्न त्या मानानें दुर्लक्षित राहिला. जुनीं बाडें चाळण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आमच्या वाचकांस दुसरा प्रश्न पहिल्याहून हलका वाटणार नाहीं. पोथीचें एक पान हरवलें म्हणजे पुढें किती घोटाळे होतात, हें त्यांस ठाऊकच आहे. येथें तर पान हरवलेलें नाहीं. तें जाणूनबुजून बाजूस ठेवलेलें आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें एका किरकोळ गोष्टीनें. करंजाडे येथें आमच्या वसाहतींत १ मे रोजीं सकाळीं ध्वजवंदनानंतर जें गीत ऐकूं येतें, तें दोन कडव्यांचें असतें. आणि सायंकाळीं करमणुकीच्या कार्यक्रमांत जुनी ध्वनिमुद्रिका लागते, तींत तीन कडवीं असतात. शेजारच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस मोठ्या गंभीरपणें सांगितलें कीं, सकाळचें गीत खरें, आणि सायंकाळच्या गीतांत कोणीतरी मागाहून भर घातली आहे. प्रक्षेपाची कल्पना इतक्या लहान वयांत स्वतंत्रपणें सुचलेली पाहून कौतुक वाटलें. परंतु प्रक्षेप कोठें आहे आणि मूळ कोठें, याचा निर्णय त्यानें नेमका उलटा केला होता. चूक त्याची नव्हती. त्याच्यापुढें जो पाठ प्रमाण म्हणून ठेवला गेला, त्यावरून त्यानें बरोबर अनुमान काढलें होतें. हीच गोष्ट पन्नास वर्षांनीं संशोधकांच्या बाबतींत घडूं नये, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

(२)

प्रथम निवडीविषयीं. महाराष्ट्राचें गीत कोणतें, अशी चर्चा निघाली म्हणजे तीन कविता हटकून पुढें येतात : श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचें महाराष्ट्रगीत, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचें महाराष्ट्रगीत, आणि बढे यांचें हें गीत. पहिल्या दोहोंचा मान वडीलकीचा आहे. तीं लिहिलीं गेलीं तेव्हां महाराष्ट्र नांवाचें राज्य नकाशावर नव्हतें. मराठी बोलणारी प्रजा मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड, निजामाचें राज्य व लहानमोठीं संस्थानें यांत वाटली गेली होती. जें राज्य नाहीं, त्याचें गीत आधीं लिहावयाचें, हें त्या काळीं धाडसाचेंच काम होतें, आणि तें या दोघांनीं केलें.

तरीहि राज्यगीत म्हणून बढे यांच्या गीताची झालेली निवड आम्हांस योग्य वाटते. कोल्हटकरांचें गीत एका वादपटूचें आहे. इतर देशांचें वैभव मान्य करून आपल्या देशाचा पक्ष तें मुद्देसूदपणें मांडतें. त्यांतील विनोदी लेखकाची बुद्धि प्रत्येक चरणांत जागी आहे. गडकऱ्यांचें गीत म्हणजे संबोधनांची माळ. विशेषणावर विशेषण चढत जातें, आणि एकांतांत वाचणारास त्याचा आनंद अपूर्व होतो. परंतु हीं दोन्ही गीतें मुख्यतः वाचकाचीं आहेत. राज्यगीत हें मैदानावर उभें राहून, शिकलेल्या व न शिकलेल्या शेंकडों लोकांनीं एका श्वासांत म्हणावयाचें असतें. त्यास तोकडें ध्रुपद, ठसठशीत ठेका आणि जमावाला झेलतां येईल अशी ओळ हवी. हे गुण पोवाड्याचे आहेत, आणि बढे यांच्या गीताची घडण पोवाड्याची आहे.

दुसरेंहि एक कारण आहे. ता. १ मे १९६० रोजीं जें राज्य जन्मास आलें, तें कागदावरील वाटाघाटींनीं जितकें आलें, तितकेंच डफाच्या थापेनें आलें. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत अमर शेख, अण्णा भाऊ साठे व गवाणकर या शाहिरांनीं केलेलें काम इतिहासांत नोंदण्याजोगें आहे. अण्णा भाऊंची त्या काळची छक्कड गांवीं राहिलेल्या प्रियेचा विरह सांगतां सांगतां सीमाभागाच्या विरहापर्यंत येऊन पोंचते. तिच्यांतील दुःख सरकारी समारंभास न मानवणारें आहे, म्हणून राज्यगीताच्या पंक्तीस ती बसली नाहीं. परंतु त्या दशकाचें अस्सल साधन म्हणून तिची योग्यता कोणत्याहि राज्यगीताहून उणी नाहीं. तात्पर्य, शाहिरांनीं मिळविलेल्या राज्यास शाहिरी बाण्याचें गीत मिळालें, हें उचितच झालें.

जातां जातां एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. कोल्हटकरांचा जन्म नागपूरचा, गडकऱ्यांचा अंत नागपूरजवळील सावनेर येथें झाला, आणि बढे तर नागपूरचेच. विदर्भाचें राज्य वेगळें असावें असें म्हणणारा पक्ष आजहि आहे. पण महाराष्ट्राचीं तिन्ही प्रसिद्ध गीतें विदर्भाशीं जन्मानें वा मृत्यूनें बांधलेल्या कवींचीं आहेत, ही गोष्ट दोन्ही पक्षांनीं विचारांत घेण्यासारखी आहे.

(३)

आतां पाठाकडे वळूं. मूळ गीतांत कवीनें सहा नद्या गुंफिल्या आहेत. त्यांपैकी गोदावरी, कृष्णा व कोयना यांविषयीं शंका नाहीं. रेवा म्हणजे नर्मदा; ती आजच्या महाराष्ट्रास केवळ वायव्येच्या टोंकास, नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेवर स्पर्श करते. ‘वरदा’ या नांवाच्या दोन नद्या आहेत : एक विदर्भांतील वर्धा, जिचा या नांवानें उल्लेख कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रांत’ दोन विदर्भराजांच्या राज्यांची सीमा म्हणून आला आहे, दुसरी कर्नाटकांतील, तुंगभद्रेस मिळणारी. कवि नागपूरचा असल्यामुळें पहिलीच अभिप्रेत असणार, यांत संशय घेण्याचें कारण नाहीं. राहिली ‘भद्रा’. भद्रा ही कर्नाटकांत तुंगेस मिळते व पुढें दोघींची तुंगभद्रा होते. येथें भद्रा म्हणजे तुंगभद्रा असें मानल्यास गीताचा महाराष्ट्र नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत पसरतो. हा १९६० सालच्या सरकारी नकाशावरील महाराष्ट्र नव्हे. हा मराठी राज्याच्या इतिहासांतील महाराष्ट्र होय. कवीनें भूगोल सांगितला नाहीं, स्मृति सांगितली.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे एका आक्षेपाचें उत्तर आपोआप मिळतें. आम्ही ज्या गाढी नदीच्या कांठीं राहतों ती, किंवा उल्हास, सावित्री, वाशिष्ठी यांपैकी कोकणांतील एकहि नदी गीतांत नाहीं. खानदेशची तापीहि नाहीं. म्हणून गीत अपुरें, असें कोणी म्हणतात. पण गीत म्हणजे जिल्हावार गॅझेटियर नव्हे. प्रत्येक तालुक्याची सोय पाहून लिहिलेलें गीत कोणत्याच तालुक्यांत गाइलें जात नाहीं. कोकणच्या माणसानें सह्याद्रीचा उल्लेख आपलाच मानावा. त्या पर्वतास दोन्ही बाजू आहेत.

गीतांतील इतिहासाचे दाखलेहि सैल नाहींत. भीमाकांठच्या तट्टांस यमुनेचें पाणी पाजण्याची कल्पना ऐकणारास अतिशयोक्ति वाटते. परंतु १७३७ सालीं बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत गेला होता आणि १७६० सालीं भाऊसाहेबांनीं दिल्ली घेतली होती, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. भीमथडीच्या घोड्याची कीर्ति तर मराठी बखरींइतकीच जुनी. तसेंच दिल्लीच्या तख्ताविषयीं कवीनें ‘राखणें’ हें क्रियापद योजिलें आहे, जिंकण्याचें नव्हे. येथें शब्द नेमका पडला आहे. १७५२ च्या करारानें मराठ्यांनीं बादशाहीच्या रक्षणाची जबाबदारी पत्करली. महादजी शिंद्यांनीं १७७१ सालीं दिल्ली हस्तगत केली व पुढील वर्षाच्या आरंभीं शाह आलमास तेथें आणून बसविलें. आणि १८०३ सालीं लेकच्या फौजेनें दिल्ली घेईपर्यंत तें रक्षण या ना त्या रूपानें चाललें. ज्या गीतांत एकेक शब्द असा तोलून ठेवलेला आहे, त्या गीताचा पाठ सैल हातानें हाताळूं नये.

आणि तो सैल होऊं लागला आहे. कृष्णेचें नांव कोठें ऱ्हस्वान्त ‘कृष्ण’ तर कोठें दीर्घान्त ‘कृष्णा’ छापलेलें आढळतें. ऱ्हस्वान्त रूप हें चालीच्या सोयीसाठीं कवीनेंच योजिलें, कीं मुद्रकाच्या हातून झालें, याचा निर्णय कवीच्या हस्तलिखितावरून किंवा पहिल्या मुद्रणावरूनच करतां येईल. ‘खेळ’ या पुल्लिंगी नामास जोडलेलें ‘जीवघेणी’ हें विशेषण व्याकरणाच्या दृष्टीनें खटकतें. तें ‘लेणी’ या शब्दाशीं यमक साधण्यासाठीं आलें आहे, हें उघड आहे. एखादा शुद्धलेखनाचा अभिमानी उद्यां तें दुरुस्त करील, आणि दुरुस्त केलेला पाठच शाळाशाळांतून पसरेल. अवघड पाठ हाच बहुधा मूळ पाठ, हा आपल्या शास्त्रांतील नियम अशा वेळीं कोणी आठवील काय?

(४)

आतां मुख्य मुद्दा, म्हणजे तीन कडव्यांचीं दोन होण्याचा. कोणतें कडवें राहिलें व कोणतें गळलें, हा वाद आम्ही येथें करीत नाहीं. कोणतेंहि गळलें असतें तरी प्रश्न हाच राहिला असता. गीत आटोपशीर करण्याची गरज आम्हांस मान्य आहे. प्रश्न असा कीं, गाळण्याची क्रिया संपादनाची आहे हें ओळखून संपादनाचे नियम तिला लावले जातात कीं नाहीं?

या बाबतींत आपल्याच देशांत पूर्वोदाहरणें पुष्कळ आहेत. ‘वंदे मातरम्’ च्या पहिल्या दोनच कडव्यांचें गायन व्हावें, असा ठराव काँग्रेसच्या कार्यकारिणीनें ऑक्टोबर १९३७ मध्यें कलकत्त्यास केला. तो अनेकांस पटला नाहीं व आजहि पटत नाहीं. पण कार्यकारिणीनें आपलीं कारणें निवेदनांत लिहून प्रसिद्ध केलीं, म्हणून आज त्यांचें खंडनमंडन करतां येतें. ‘जन गण मन’ च्या पांच कडव्यांपैकी पहिलें राष्ट्रगीत म्हणून ता. २४ जानेवारी १९५० रोजीं मान्य झालें, व तें ५२ सेकंदांत म्हणावयाचें असतें. उरलेलीं चार कडवीं आज किती जणांस ठाऊक आहेत, हें प्रत्येकानें स्वतःस विचारून पाहावें. तीं रवींद्रनाथांच्या ग्रंथांत सुरक्षित आहेत, म्हणून तरी चिंता नाहीं.

तमिळनाडूंतील उदाहरण अधिक बोधप्रद आहे. सुंदरम् पिळ्ळै यांच्या १८९१ सालच्या ‘मनोन्मणीयम्’ या नाटकांतील तमिळ-स्तवन १९७० पासून सरकारी समारंभांत म्हटलें जाऊं लागलें, आणि डिसेंबर २०२१ मध्यें त्यास राज्यगीत असें नांव मिळालें. स्वीकारतांना मूळांतील कांहीं ओळी गाळल्या. त्यांत इतर द्राविड भाषा तमिळपासून जन्मल्याचा, आणि आर्यभाषा व्यवहारांतून लुप्त झाल्याचा भाव होता. म्हणजे शेजाऱ्यांचें मन दुखवूं नये, ही गाळण्यामागची दृष्टि. ती योग्य असो वा अयोग्य, मूळ नाटक छापलेलें असल्यामुळें काय गाळलें हें ताडून पाहतां येतें. कर्नाटकांत कुवेंपु यांचें गीत २००४ सालीं राज्यगीत झालें, तेव्हां आचार्यांच्या नामावलींत मध्वाचार्यांचें नांव असावें कीं नाहीं यावरून वाद माजला. आणि चाल व कालावधि यांचें भांडण तर २०२२ पर्यंत चालून अखेर म्हैसूर अनंतस्वामी यांची चाल व अडीच मिनिटांची मर्यादा ठरली. बंगालमध्यें २०२३ सालीं रवींद्रनाथांच्या १९०५ मधील वंगभंगकालीन गीताची निवड झाली, व त्यांतील ‘बंगाल्यांचें’ या अर्थाच्या शब्दाऐवजीं ‘बंगालचें’ असा पालट करण्याच्या कल्पनेनें मोठी खळबळ उडाली. एका प्रत्ययाएवढ्या भेदासाठीं तेथील विद्वान् व रसिक जागे झाले. आपल्याकडे एक संपूर्ण कडवें बाजूस झालें, आणि आपण फारसे हललों नाहीं.

(५)

यापेक्षां गमतीचीं उदाहरणें अमेरिकेंत सांपडतात. तेथें कांहीं घटक राज्यांनीं नेहमींच्या राज्यगीताखेरीज ‘रॉक’ पद्धतीचें तरुणांचें गीतहि सरकारी मान्यतेनें ठरविलें आहे. ओहायो राज्यानें १९८५ सालीं ‘हँग ऑन स्लूपी’ हें गीत निवडलें. त्या गीतांत ओहायोचें नांव नाहीं, परंतु तेथील विद्यापीठाच्या वाद्यवृंदानें तें क्रीडांगणावर वाजवून वाजवून आपलेंसें केलें होतें. ओक्लाहोमांत २००९ सालीं लोकांचीं मतें घेतलीं गेलीं. लोकांनीं निवडलेल्या गीतास प्रतिनिधिगृहानें संमति दिली नाहीं, तेव्हां राज्यपालानें स्वतःच्या आज्ञेनें तें जाहीर केलें. त्याच १९८५ मध्यें वॉशिंग्टन राज्यांत ‘लुई लुई’ या गीतास राज्यगीत करावें अशी चळवळ अर्ध्या थट्टेनें सुरू झाली व विधिमंडळापर्यंत पोंचली; पण जुनें राज्यगीत टिकून राहिलें.

या ‘लुई लुई’ ची पाठकथा आमच्या वाचकांस रुचेल. रिचर्ड बेरी यानें तें गीत रचून १९५७ सालीं ध्वनिमुद्रित केलें. त्यांत एक खलाशी आपल्या दूरच्या प्रियेची आठवण काढतो, याहून अधिक कांहीं नाहीं. पुढें १९६३ सालीं दुसऱ्या एका वाद्यवृंदानें तेंच गीत इतक्या अस्पष्ट उच्चारांनीं म्हटलें कीं, ऐकणारांनीं त्यांत हवे ते अश्लील शब्द ऐकले. तक्रारी झाल्या, मध्यवर्ती तपास खात्यानें तबकडी निरनिराळ्या गतींनीं वाजवून पाहिली, आणि शेवटीं शब्द कोणत्याहि गतीनें समजत नाहींत असा निष्कर्ष काढला. म्हणजे कवीचा पाठ एक, गायकाचा दुसरा, व श्रोत्यांचा तिसरा. आणि लोकांत चालला तो तिसरा. गाइल्या जाणाऱ्या वाङ्मयाची ही नेहमींचीच गत आहे. आपले पोवाडे ज्यांनीं गोंधळ्यांच्या तोंडून ऐकून उतरून घेतले, त्या अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहापासून य. न. केळकरांच्या संग्रहांपर्यंत सर्व संपादकांस हीच अडचण आली आहे.

(६)

पोवाड्यांच्या परंपरेंत कवीचें नांव राखण्याची एक युक्ति होती : शाहीर आपली नाममुद्रा शेवटच्या कडव्यांत गुंफीत असे. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अगिनदासाचा व सिंहगडाचा पोवाडा तुळशीदासाचा, हें आज आपणांस ठाऊक आहे तें या युक्तीमुळें. शेवटचें पान गेलेल्या बाडांतील कवि मात्र कायमचे निनांवी झाले. बढे आधुनिक कवि. त्यांच्या गीतांत नाममुद्रा नाहीं. परिणाम असा कीं, ‘हें गीत कोणाचें?’ असें विचारल्यास दहांपैकीं आठ जण शाहीर साबळे यांचें नांव सांगतील. साबळे यांचें ऋण मोठें आहे, पण तें गायकाचें ऋण. कवीचें नांव गीताबाहेर राहिलें, आणि गीत जसजसें सरकारी होईल तसतसें तें अधिकच बाहेर पडेल.

कोणी म्हणेल, हा सारा पंडितांचा कलकलाट आहे. समारंभास वेळ थोडा, म्हणून एक कडवें कमी केलें, यांत हानि कोणती? हानि आज नाहीं, हें आम्ही मान्य करतों. मूळ गीत अनेकांच्या तोंडीं आहे, ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहे. परंतु प्रमाणपाठ सरकारी शिक्क्यानें ठरतो तेव्हां त्याचें बळ इतर सर्व पाठांहून मोठें असतें. शाळेंत रोज म्हटलें जाणारें गीत दोन कडव्यांचें असेल, तर दोन पिढ्यांनंतर तिसरें कडवें हें ‘पाठभेद’ म्हणून तळटीपेंत जाईल, आणि ज्यांस तें पाठ येतें ते शंकेचे विषय होतील. आमच्या शेजारच्या विद्यार्थ्यानें तर ही क्रिया आजच पुरी केली आहे.

म्हणून सूचना तीन. पहिली : राज्यगीताची एक चिकित्सक प्रत निघावी, तींत कवीचें हस्तलिखित मिळाल्यास तें, नसल्यास पहिलें मुद्रण, मूळ ध्वनिमुद्रिकेंतील गायिलेला पाठ, व २०२३ चा सरकारी पाठ असे समोरासमोर छापावेत, आणि कडवें कमी करण्याचीं कारणें स्पष्ट नोंदावींत. दुसरी : जेथें जेथें राज्यगीत छापलें जाईल, तेथें खालीं कवीचें नांव व ‘मूळ गीत तीन कडव्यांचें’ एवढी एक ओळ असावी. तिसरी सूचना सरकारास नसून आमच्या संग्राहक बंधूंस आहे. तुमच्या कपाटांतील १९६० च्या आसपासच्या कार्यक्रमपत्रिका, गीतांच्या पुस्तिका, शाळांच्या वह्या, जुन्या तबकड्यांचीं वेष्टनें यांस कागदाची रद्दी समजूं नका. शिवकालीन पत्र हातीं आलें म्हणजे आपण तें कापडांत बांधून ठेवतों, आणि साठ वर्षांपूर्वींची गीतपत्रिका वाळवीस अर्पण करतों. तीनशें वर्षांनीं येणाऱ्या संशोधकास दोन्ही सारखींच दुर्मिळ असणार आहेत.

राज्यानें गीत निवडलें, तें चांगलें निवडलें. आतां त्यानें तें नीट जपावें. आमच्यापुरतें आम्ही एवढेंच केलें कीं, त्या विद्यार्थ्यास तिन्ही कडवीं सुवाच्य अक्षरांत लिहून दिलीं, खालीं कवीचें नांव घातलें व दिनांक टाकला. त्यानें तो कागद आपल्या वहींत चिकटविला आहे.